छातीवर होडी कलंडली, दादाचा चेहरा जांभळा पडला : छाती दबून गुदमरण्याबद्दल लिहायचंय, विचारायचंय

किनारेवाली | ११ जून, रात्री १०:४०

आठवडाभर लिहू की नको चाललं होतं. आज दादा घरी आलाय, म्हणून लिहितेय. आमच्या वाडीत घरटी एक तरी होडी आहे. जे आमच्याकडे झालं ते कुणाकडेही होऊ शकतं.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून शाकारायचं काम सुरू होतं. दादाची (वय ४१) फायबरची छोटी होडी आहे, वजन सातआठशे किलोच्या घरात. एका अंगाला लाकडी टेके लावून ती कलती करून ठेवली होती आणि दादा खाली बसून तळाला चिकटलेली कालवं खरवडत होता. आदल्या रात्री पहिला पाऊस पडलेला. टेक्याखालची वाळू भिजून बसली, टेका सरकला आणि होडी त्याच्या अंगावर आली. काठ बरोबर छातीवर, दोन्ही हात आत. डोकं आणि गळा तेवढा बाहेर.

वहिनी डबा घेऊन येत होती, तिने पाहिलं. तिच्या ओरडण्याने शेजारच्या होड्यांवरची माणसं धावली. दोघांनी दादाच्या खांद्याला धरून ओढायला सुरुवात केली होती, तेवढ्यात वाडीतले एक म्हातारे काका ओरडले, "ओढू नका रे, आधी होडी उचला!" आठ जणांनी काठ उचलून धरला, एकाने खाली ओंडका सारला, मग दादाला सरळ बाहेर घेतलं. वहिनी म्हणते पाच मिनिटं गेली. काका म्हणतात तीन. नक्की कुणालाच माहीत नाही.

मी पोचले तेव्हा दादा किनाऱ्यावर पडलेला होता, श्वास चालू होता. चेहरा पिकलेल्या जांभळासारखा, सुजलेला, ओठ जाड झालेले. डोळ्यांतलं पांढरं दिसतच नव्हतं, नुसतं लाल. आणि गळ्याच्या खाली, जिथे बनियन सुरू होतो तिथून पुढे त्वचा एकदम नेहमीसारखी. कुणी रेघ ओढून दोन माणसं जोडावीत तसं. तो घोगऱ्या आवाजात सारखं विचारत होता, "जाळं कुठंय?" उत्तर दिलं की परत तेच.

सगळ्यांना वाटलं, संपलं. एक बाई तर रडत म्हणाली, तोंड काळं पडलं म्हणजे माणूस राहत नाही.

जवळच्या दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९६. तिथे एक इंजेक्शन दिलं आणि चेहऱ्याची सूज उतरेल, घरी न्या म्हणाले. वहिनी हटून बसली म्हणून १०८ बोलावून पुढे मोठ्या रुग्णालयात नेलं, दोन तासांचा रस्ता. तिथे तीन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. पहिल्या एक्स-रेत फुफ्फुसाभोवती अगदी थोडी हवा होती, ती रात्रीतून वाढली. पहाटे छातीत नळी घालावी लागली. त्या रात्री तो घरी असता तर? हा विचार मला झोपू देत नाही.

डॉक्टरांनी नाव सांगितलं : ट्रॉमॅटिक अ‍ॅस्फिक्सिया. इथे कुणी डॉक्टर असतील तर नीट समजावून सांगाल का? चेहरा असा का होतो, पुढे काय काळजी घ्यायची, आणि अशा वेळी आम्ही किनाऱ्यावरची माणसं काय करू शकतो?

सुरंगी | ११ जून, रात्री ११:०५

वाचताना अंगावर काटा आला ताई. वहिनींना माझा नमस्कार सांगा. बाईच्या हट्टाने माणूस वाचला.

वाशिष्ठीकाठ | १२ जून, सकाळी ६:५०

मी सर्जन आहे, चिपळूण भागात काम करतो. हा प्रकार मी मोजक्याच वेळा पाहिलाय, पण पाहिलेला विसरता येत नाही. थोडं सविस्तर लिहितो.

छातीवर अचानक मोठा भार येतो त्या क्षणी माणूस घाबरून खोल श्वास घेतो आणि घसा बंद करून दम धरतो. जड पोतं उचलताना धरतो तसाच. आता आत हवा कोंडलेली आणि बाहेरून भार. छातीतला दाब एकदम चढतो. हृदयाच्या उजव्या बाजूकडे परत येणारं रक्त तिथे शिरू शकत नाही, उलट मागे ढकललं जातं. छातीतून वर डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत झडप नसते, मानेच्या शिरांतल्या झडपा असून नसल्यासारख्या. त्यामुळे रक्ताचा लोंढा सरळ चेहऱ्यात, डोळ्यांत, मेंदूच्या शिरांत जातो. तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, काही फुटतात. तेच ते जांभळे ठिपके आणि डोळ्यातलं रक्त. हातापायांच्या शिरांना चांगल्या झडपा असतात म्हणून खालचं अंग वाचतं. ताईंनी लिहिलेली "रेघ" ती हीच.

हे वर्णन पहिल्यांदा केलं ते ऑलिव्हिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरने, १८३७ साली. पॅरिसमध्ये गर्दीत चेंगरून मेलेल्यांची शवविच्छेदनं करताना त्याला सगळ्यांचे चेहरे असे दिसले. पुढे १९०० च्या सुमारास पर्थेस या जर्मन सर्जनने ते नीट मांडलं, म्हणून काही डॉक्टर याला पर्थेस सिंड्रोमही म्हणतात.

आता ऑक्सिमीटरचं. चेहऱ्याचा तो रंग म्हणजे आत्ता ऑक्सिजन कमी आहे असं नाही. ते रक्त त्वचेत अडकून बसलंय, काही बाहेर झिरपलंय. बोटातलं रक्त वेगळं, म्हणून तिथे ९६ येऊ शकतं. पण उलटंही लक्षात ठेवा. ९६ आलं म्हणजे माणूस सुखरूप असंही नाही. तो आकडा बरगडीबद्दल काही सांगत नाही, पोटातल्या रक्तस्रावाबद्दल तर नाहीच.

माझं एवढंच म्हणणं आहे की चेहरा पाहून निष्कर्ष काढू नका, ना मरणाचा, ना बरं असल्याचा. चेहरा भीतीदायक दिसतो, पण त्याला वेगळे उपचार लागत नाहीत, काही आठवड्यांत तो आपोआप निवळतो. जीव जातो तो दोन गोष्टींनी. एक, भार किती वेळ राहिला. थोडा वेळ राहिला तर बहुतेक लोक पूर्ण बरे होतात, पण भार मोठा असेल आणि मिनिटं वाढत गेली तर मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही आणि हृदय थांबतं. दोन, त्याच भाराने आत काय काय मोडलं : बरगड्या, फुफ्फुसाला मुका मार, फुफ्फुसाभोवती हवा किंवा रक्त, हृदयाला मार, यकृत, प्लीहा, पाठीचा कणा. म्हणून चेहरा जांभळा आणि माणूस बोलतोय, तरी किमान एक दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवायचा. छातीचा फोटो एकदा काढून भागत नाही, परत काढायचा. पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, गरज असेल तर सीटी स्कॅन. तुमच्या दादाची हवा रात्री वाढली, हे आम्ही नेहमी पाहतो.

तेच तेच विचारणं हेही यातलंच. मेंदूच्या शिरांत दाब चढतो, ऑक्सिजन कमी पडतो, त्यामुळे गोंधळ, चिडचिड, थोडा वेळ शुद्ध जाणं, कधी झटके येतात. बहुतेकांचं एकदोन दिवसांत निवळतं. निवळलं नाही किंवा डोक्यालाही मार असेल तर डोक्याचा सीटी लागतोच.

काजूगर | १२ जून, सकाळी ९:१५

डॉक्टर, एक शंका. डोळे इतके लाल होतात तर नजरेला काही होतं का?

वाशिष्ठीकाठ | १२ जून, दुपारी १:३०

पांढऱ्या भागातलं रक्त दोनतीन आठवड्यांत विरतं, त्याने नजर जात नाही. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव किंवा पांढुरके डाग पडू शकतात, त्याला पुर्टशर रेटिनोपॅथी म्हणतात. १९१० मध्ये पुर्टशरने ती पहिल्यांदा लिहिली ती झाडावरून पडलेल्या माणसात. आपल्याकडे नारळावरून, आंब्यावरून पडणारे किती, तेव्हा हे नाव आपल्याला परकं नको. अंधुक दिसतंय, मधोमध डाग दिसतोय असं रुग्ण म्हणाला तर थांबायचं नाही. मी तर म्हणेन तक्रार नसली तरी एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. कानातही रक्त साकळून कमी ऐकू येऊ शकतं.

गडनदी | १२ जून, दुपारी ३:१०

आमच्या गावात पण असाच झाला होता. पावसात दगडांचो गडगो कोसळलो आणि शेजारचो झिलगो खाली गावलो. तोंड काळानिळा, डोळे लालबुंद. लोकांनी तेलाचो हात लावून छाती चोळूक घेतली. बरगडी मोडलेली होती, कोणाक कळूक नाय. पोर वाचलो, पण ह्या सगळा आधी वाचलेला असता तर चोळूक दिला नसता.

आबोली | १२ जून, रात्री ८:००

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. गडनदींनी लिहिलंय ते सगळीकडे होतं. छाती चोळू नका, पंचाने किंवा पट्ट्याने आवळून बांधू नका (बांधली की माणूस पुरता श्वास घेत नाही), पाणी पाजू नका. घसा आणि जीभ सुजलेली असू शकते, पाणी श्वासनलिकेत जाईल. शिवाय शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं हवं.

आणि हात ठेवून पाहा. मानेच्या मुळाशी, छातीवर हलकेच बोटं ठेवली आणि त्वचेखाली ओल्या रेतीवर दाबल्यासारखं कुरकुर लागलं, तर फुफ्फुसातली हवा कातडीखाली आलीय. ते आमच्यासाठी धावायचं लक्षण. दम वाढत चाललाय, खोकल्यातून रक्त, पोट ताठ होतंय, उजव्या किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला कारण नसताना दुखतंय, ग्लानी येतेय, यातलं काहीही दिसलं तर "बघू सकाळी" नाही.

बांधकरी | १२ जून, रात्री ९:२५

माझी चिऱ्यांची खाण आहे. एक जांभा चिरा तीस किलोच्या आसपास. रचलेला थर ढासळला की माणूस गाडला जातो. आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी एक कामगार असाच अडकला. आम्ही घाबरून वरचे चिरे काढून बाजूला फेकत राहिलो, ते घरंगळून परत त्याच्याच अंगावर. माझं मन अजून त्यासाठी मला माफ करत नाही. तो वाचला, पण एक हात कायमचा कमजोर राहिला. डॉक्टर, अशा वेळी बरोबर काय? आणि काही जण म्हणतात बराच वेळ दबलेल्या माणसावरचं वजन एकदम काढू नये, ते खरं का?

वाशिष्ठीकाठ | १३ जून, सकाळी ७:०५

फार महत्त्वाचा प्रश्न. तुम्ही ऐकलंय ते मांडी-पायासारखा मोठा स्नायू तासाच्या वर दबलेला असेल तेव्हाचं आहे. तिथे मेलेल्या स्नायूतलं विष रक्तात येतं, पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडं बसतात, म्हणून शक्य तर सलाईन लावून सोडवतात. छाती आणि मानेवरच्या वजनाला हा नियम नाही. ते त्या क्षणी काढायचं. श्वास बंद असताना वाट पाहायची मुभाच नसते.

कसं काढायचं ते तुमच्या किनाऱ्यावरच्या काकांना कुणी न शिकवता माहीत होतं. वजन सरळ वर उचला, माणसाला ओढू नका. खाली फटीत काहीतरी सारत जा, म्हणजे हात सुटला तरी भार परत बसणार नाही. चिऱ्यांच्या बाबतीत आधी छाती-तोंडावरचे, आणि काढलेला चिरा हातोहात लांब द्यायचा. एकाने घड्याळ पाहायचं. रुग्णालयात मी पहिला प्रश्न तोच विचारतो, किती वेळ दबला होता? उत्तर कधीच मिळत नाही.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२०, पाचसहा सेंटीमीटर खोल. बरगड्या मोडल्या असतील म्हणून थांबू नका. मोडलेली बरगडी जुळते. श्वास असेल तर मान-पाठ एका रेषेत धरून फळीवर घ्या. डोक्याकडची बाजू थोडी उंच असलेली बरी, पण कण्याला मार लागल्याची शंका असेल तर नुसती मान उचलायची नाही, अख्खी फळीच डोक्याकडून कलती करायची. १०८ ला फोन करताना "छातीवर वजन पडलं होतं" हे शब्द सांगा.

हाताच्या कमजोरीबद्दल : खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं ताणलं किंवा चिरडलं गेलं तर तसं राहू शकतं. त्याचा दोष चिरे फेकण्याला लागेलच असं नाही. मनावर घेऊ नका.

पाणसाप | १३ जून, दुपारी १२:४०

गर्दीतही हेच होतं ना? २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, मी त्या सकाळी परळला होतो. पुष्कळांना वाटतं लोक पायाखाली तुडवले जाऊन मरतात.

वाशिष्ठीकाठ | १३ जून, रात्री ९:५०

उभ्या उभ्याही जातात. चारी बाजूंनी इतका दाब येतो की बरगड्यांना फुगायला जागाच उरत नाही. श्वास सोडला की पुढचा घेता येत नाही. दरडीखालीही तसंच, माती प्रत्येक उच्छ्वासाला थोडी आत सरकते. चेहरा जांभळा होवो न होवो, श्वास तिथेच अडतो. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेला दरड आली तेव्हा आमच्याकडून मदतीला गेलेल्यांना मी हेच सांगितलं होतं, कुणी सापडला तर डोकं मोकळं झालं की थांबू नका, छातीपर्यंत खणा.

जत्रेत, पालखीच्या रेट्यात सापडलात तर दोन्ही हात छातीसमोर आडवे धरा, बरगड्यांपुढे चार बोटं जागा राहील अशी. ओरडण्यात दम घालवू नका. रेट्याच्या विरुद्ध न जाता तिरकं तिरकं कडेला सरका.

सुरंगी | १३ जून, रात्री १०:१५

लहान मुलांचं काय? आमच्या वाडीत सरकतं लोखंडी गेट रुळावरून निघून पोरावर पडलं होतं. डॉक्टरांनी फोटो काढला, एकही बरगडी मोडली नव्हती, म्हणून सगळे निर्धास्त झालो.

वाशिष्ठीकाठ | १४ जून, सकाळी ६:४०

लहान मुलाची बरगडी हिरव्या बांबूसारखी. वाकते, मोडत नाही. त्यामुळे सगळा दाब थेट आतल्या फुफ्फुसावर आणि हृदयावर जातो. मुलात बरगडी शाबूत असणं हा दिलासा नव्हे. मोठ्या माणसापेक्षा मुलाला जास्त जपून नजरेखाली ठेवायचं.

म्हाताऱ्या माणसांचं बरोबर उलटं. मोडतात पटकन, आणि दुखतं म्हणून ते खोकत नाहीत, खोल श्वास घेत नाहीत. मग कफ साठून चौथ्यापाचव्या दिवशी न्यूमोनिया. तिथे वेदनाशामक टाळणं म्हणजे सोसण्याची ताकद नव्हे.

आबोली | १४ जून, सकाळी ११:२०

किनारेवाली ताई, दादांना घरी तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलंय ना? जागेपणी तासाला दहा वेळा. फुंकायचं नाही, ओढायचं. चेंडू वर टिकला पाहिजे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट कवटाळून खोकायला सांगा, निम्मं दुखणं कमी होतं. सहा आठवडे वजन उचलणं, जाळं ओढणं बंद.

किनारेवाली | १४ जून, रात्री १०:३०

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. डॉक्टर, तुमचं उत्तर मी वाडीत मोठ्याने वाचून दाखवलं. ते काका शेवटी बसले होते, काही बोलले नाहीत, नुसती मान हलवत होते.

उशीचा उपाय आजच केला. दोन चेंडू वर जातात, तिसरा अजून नाही. चेहऱ्याचा रंग कपाळावरून उतरायला लागलाय. आधी जांभळा होता, आता पिवळट-तपकिरी. डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागलं. आज भाची पहिल्यांदा त्याच्या जवळ गेली. तो घरी आल्यापासून ती बापाला घाबरून दाराआड उभी राहायची.

दोन गोष्टी अजून. तो रात्री आडवा झाला की दचकून उठतो, "उचला, उचला" म्हणतो. भिंतीला टेकून बसून झोपतो. आणि दुसरं, होडीच्या पंख्यात जाळं अडकलं की तोच बुडी मारतो. या वर्षी मारू शकेल का?

वाशिष्ठीकाठ | १५ जून, सकाळी ७:१५

झोपेचं सांगितलंत हे बरं केलंत, लोक ते सांगतच नाहीत. जो माणूस श्वास बंद होऊन परत आलाय त्याच्या अंगाला ते आठवत राहतं. काही दिवसांत कमी व्हायला हवं. महिना उलटूनही तसंच असेल, किनाऱ्यावर जायलाच नको म्हणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तोवर त्याच्याशी त्या दिवसाबद्दल बोला, त्याला बोलू द्या. "विसर आता" म्हणू नका.

बुडी : नाही. फुफ्फुसातून एकदा हवा गळलीय. पूर्ण भरून आल्याचं सीटीवर दिसलं, छातीच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं, तरच पुढचा विचार. टाकी लावून खोल बुडी तर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय अजिबात नाही. या हंगामात पंख्यातलं जाळं दुसऱ्याने काढावं.

बांधकरी | १५ जून, रात्री ९:००

आज खाणीवर सगळ्यांना गोळा करून हे वाचून दाखवलं. थराची उंची कमरेपर्यंतच ठेवायची ठरली. दोन लांब पहारी आणि चार ओंडके शेडच्या दारात कायम ठेवलेत, लाल रंग लावून. त्या कामगाराला फोन केला होता. तो म्हणाला, शेट, तेव्हा तुम्हीच काढलंत मला. बराच वेळ मला पुढे बोलता आलं नाही.

किनारेवाली | ३० जून, रात्री ९:४५

डोळ्यांची तपासणी झाली. डाव्या पडद्यावर दोन बारीक डाग होते, ते विरत आलेत, नजर दोन्ही डोळ्यांनी पूर्ण. छातीचा फोटो स्वच्छ. तिसरा चेंडू परवा वर गेला, वहिनीने टाळ्या वाजवल्या.

काल संध्याकाळी तो स्वतःहून होडीपाशी गेला. काकांनी आणि पोरांनी मिळून ती आता सपाट बसवलीय, दोन्ही बाजूंना टेके, टेक्याखाली फळ्या. त्याने एकेक टेका हलवून पाहिला. समुद्राकडच्या बाजूचा तिसरा थोडा हलला, तर त्याने हाक मारून त्याखालची फळी बदलून घेतली.

नारळी पौर्णिमेला तो होडीत बसणार, पण जाळं भाऊबंद ओढणार असं ठरलंय. महिन्याने परत फोटो आहे, तेव्हा इथे लिहीन.